पेट्रोलवर चालणारा हेज ट्रिमर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

तळेगाव दाभाडे येथील आमच्या घराला तीन बाजूंनी कोयनेलाचे आणि पुढे ड्युरांटाचे असे मिळून सुमारे १४० फूट कुंपण आहे. ते मोठ्या कात्रीने छाटायला माळीबुवांना दोन दिवस लागत आणि पावसाळ्यात दुसरे टोक होईपर्यंत पहिले पुन्हा वाढलेले असे. म्हणून गेल्या जूनमध्ये २३ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे, ६० सेंटिमीटर लांबीचे दुधारी पाते असलेले यंत्र घेतले. आता छाटणी अडीच तासांत उरकते. पाला गोळा करायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, हे विकणारा सांगत नाही.

त्याने आणखी एक गोष्ट चुकीची सांगितली. ‘गवत कापायच्या मशीनला घालता तेवढेच ऑइल घाला,’ या त्याच्या सल्ल्यावरून मी पेट्रोलच्या लिटरमागे ४० मिलिलिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच मिसळायचे वंगणतेल) घालत राहिलो. धूर फार होई आणि तीन आठवड्यांत प्लग काळाठिक्कर पडला. नंतर माहितीपुस्तिका उघडली, तेव्हा या यंत्राचे प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर असल्याचे कळले. प्रमाण यंत्रागणिक बदलते आणि ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होऊन इंजिनच कामातून जाते, त्यामुळे याबाबत कोणाच्याही तोंडी सल्ल्यावर विसंबू नये.

दुसरी चूक माझी स्वतःची. दिवाळीनंतर वाढ मंदावली, तेव्हा उरलेले मिश्रण टाकीत तसेच ठेवून यंत्र माळ्यावर टाकले. जानेवारीत दोरी ओढून खांदा भरून आला, तरी ते सुरू होईना. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, तर आत चिकट थर साचला होता आणि पातळ रबरी पडदा कडक झाला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. आता मी महिन्याभरात संपेल इतकेच मिश्रण करतो, आणि यंत्र ठेवून देण्यापूर्वी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो.

प्रत्यक्ष कापण्यापूर्वीची दहा मिनिटे मी कुंपणालगत काठी घेऊन फिरण्यात घालवतो. एकदा गांधीलमाश्यांचे पोळे वेळीच दिसले. एकदा मात्र कधीकाळी वेल बांधलेली जुनी तार दिसली नाही आणि पात्याच्या एका दाताचा टवका उडाला. चष्मा, कानांवर मफ, जाड हातमोजे आणि बूट यांशिवाय यंत्र हातात घेत नाही. गळ्यात उपरणे किंवा ओढणी नको. यंत्र दोन्ही हातांनीच धरावे, आणि शिडीवर ते शक्य होत नसल्यामुळे शिडीचा विचारच करू नये. ट्रिगर सोडल्यावर पाते थांबलेच पाहिजे. आमचे हळूहळू हलत राही, तेव्हा आयडलिंगचा, म्हणजे ट्रिगर सोडल्यावरच्या इंजिनाच्या गतीचा, स्क्रू जुळवून घ्यावा लागला. फांदी अडकली तर इंजिन बंद करून आणि प्लगची टोपी काढून मगच हात घालावा.

बाजू खालून वर, कमानीसारखा हात फिरवत कापल्या तर पाने स्वच्छ कापली जातात. कुंपणाचा पाया रुंद आणि माथा किंचित अरुंद ठेवला नाही, तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि बुंध्याशी झाड उघडे पडते. माथ्यासाठी दोन काठ्यांना सुतळी बांधतो. नुसत्या नजरेने सरळ कापल्याचा अभिमान दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून पाहिल्यावर टिकत नाही. अंगठ्याहून जाड फांदीला मी करवतच वापरतो, मग पुस्तिकेत काहीही लिहिलेले असो.

प्रत्येक वापरानंतर पात्यावरचा चीक पुसून तेलाचा हात देतो आणि ठरावीक तासांनी गिअरपेटीत ग्रीस भरतो. पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ देतो आणि भरल्या जागेपासून दहाएक फूट दूर जाऊन सुरू करतो. साडेपाच किलो वजन आणि पात्यांची थरथर यांमुळे वीस मिनिटांनंतर बोटांना मुंग्या येतात, म्हणून तेवढ्या वेळाने थांबतो. आवाज इतका आहे की दुपारी एक ते चार यंत्र काढत नाही. शेजारी अजून बोलतात, ते त्यामुळेच.

त्यांच्याच शेताला शेराचे कुंपण आहे आणि तेही याच यंत्राने छाटून द्यावे, अशी त्यांची विनंती होती. ती मी नाकारली. भरधाव पात्याने शेराचा चीक चहूकडे उडतो आणि तो डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतू शकते. ते कुंपण अजून कोयत्यानेच, वाऱ्याकडे पाठ करून तोडले जाते.