सीसी, बिल डिस्काउंटिंग की अ‍ॅपवरचं लोन? पेमेंट अडकलं असेल तर काय घ्यावं

भोसरीत आमचं छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) जॉबवर्कचं शॉप आहे, सहा माणसं. 7 तारखेला पगार, 20 ला जीएसटी, आणि पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाचं, पेमेंट 60-70 दिवसांनी, म्हणजे जे पैसे अजून आलेच नाहीत त्यावरचा जीएसटी पण आधी आपणच भरायचा. तिन्ही प्रकार वापरून झालेत म्हणून सांगतो.

सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, बँकेने ठरवलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे उचलायचे. ती स्वस्तात बसते, कारण जेवढे उचलले तेवढ्यावरच व्याज. 3 लाख 20 दिवस वापरले तर 11 टक्क्याने 1,800 च्या आसपास, बस. पण बँक तुमचा स्टॉक आणि येणी बघून, साधारण 25 टक्के मार्जिन कापून ड्रॉइंग पॉवर (म्हणजे प्रत्यक्षात किती उचलता येतील ते) काढते आणि 90 दिवसांच्या वरची येणी बहुतेक बँका धरतच नाहीत. म्हणजे पार्टीने पेमेंट लांबवलं की नेमकी तेव्हाच लिमिट पण कमी होते! शिवाय दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, दरवर्षी रिन्युअल. तारण नसेल तर सीजीटीएमएसईच्या (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) गॅरंटीत होतं का ते मॅनेजरला स्वतःहून विचारा, विचारल्याशिवाय क्वचितच कोणी सांगतं.

आणि एक गाढवपणा मी केला तो तुम्ही करू नका. सीसीतून सेकंडहँड मशीन घेतलं. मशीन चांगलं निघालं पण लिमिट दीड वर्ष फुल्ल आणि कच्चा माल, म्हणजे धातूचे बार, आणायला पैसे नाहीत. मशीनला टर्म लोनच (ठराविक मुदतीत हप्त्याने फेडायचं) घ्यायचं.

बिल डिस्काउंटिंग म्हणजे पार्टीवरचं बिल देऊन पैसे आधीच घ्यायचे, आम्ही ते ट्रेड्सवर करतो, म्हणजे त्यासाठीच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट असे आरबीआयची परवानगी असलेले प्लॅटफॉर्म आहेत, तिथे बिल टाकायचं, पार्टीने अ‍ॅक्सेप्ट केलं की बँका बोली लावतात. 5 लाखाचं बिल, 60 दिवस, 9 टक्के धरले तर साधारण 7,400 कापून बाकीचे हातात, तारण नाही, आणि पार्टीने पुढे बुडवलं तरी बँक तुमच्या मागे लागत नाही. रेट पार्टीची पत बघून मिळतो, आपली नाही. अडचण एकच, पार्टी तिथे पाहिजे आणि तिने बिल अ‍ॅक्सेप्ट केलं पाहिजे. तुमचं गिऱ्हाईक पण आपल्यासारखंच छोटं शॉप असेल तर हा ऑप्शन विसरा.

अ‍ॅपवरचं लोन दोन दिवसांत येतं हे खरं. पण "फक्त दीड टक्का महिना" हा फ्लॅट रेट असतो, 1 लाखाला वर्षात 18,000 व्याज, आणि हप्त्याने मुद्दल कमी होत जाते ते धरलं तर खरा दर 31-32 टक्के पडतो, प्रोसेसिंग फी वेगळी. एखादा पगार निघत नसेल, पेमेंटची तारीख पक्की असेल तर एकदा ठीक. जुनं फेडायला नवीन घेतलं की मग अवघड आहे.

कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, पण जो महिन्याचं निम्मं काम देतो त्याच्याकडे व्याज मागणार कोण? आयकराच्या 43बी(एच) कलमाने मात्र फरक पडला, मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेला खर्च पार्टीला त्या वर्षी वजा मिळत नाही, म्हणून मार्चमध्ये त्यांचे अकाउंट्सवाले स्वतः फोन करून उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) मागतात. उद्यम फुकट निघतं, ट्रेड्सला पण लागतं, तेवढं आजच करा.

पार्टी मोठी कंपनी असेल तर आधी ट्रेड्स, नसेल तर सीसी. आमच्या तीन मोठ्या पार्ट्यांपैकी एक ट्रेड्सवर आलीय, दुसरीच्या अकाउंट्सवाल्याला दर सोमवारी विचारतो, तो "बघू" म्हणतो.