भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी लोन, 6 वर्षांनंतरचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

पहिला फ्लॅट पूर्ण रोख देऊन घेतला होता, दुसरा भाड्याने द्यायलाच घेतला पण लोनवर, 25 टक्के माझे आणि बाकी बँकेचे, त्यामुळे दोन्ही बाजू बघून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. बँकेच्या वकिलाने कागद तपासले तेव्हा वारसाच्या सहीचा एक जुना घोळ सापडला, रोखीत घेतला असता तर मला तो कळलाच नसता. रोख घेणाऱ्यांनी स्वतःचा वकील लावाच, तिथे तुमच्यासाठी दुसरं कोणी बघत नसतं. आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी हातात पैसे होते, सगळे विटांत अडकले असते तर काय केलं असतं माहीत नाही.

आता हप्त्याचं. 9 टक्के आणि 20 वर्षं धरा, पहिल्या हप्त्यातले 100 पैकी 83 नुसत्या व्याजात जातात. 6 वर्षांत 100 च्या कर्जावर साधारण 65 भरून होतात आणि मुद्दल कमी होतं फक्त 14!! स्टेटमेंट बघून मी दोनदा हिशोब केला.

म्हणून लोन घ्यायच्या आधी एकच गोष्ट करा, वर्षाच्या भाड्यातून मेंटेनन्स, टॅक्स, रिपेअर आणि एक रिकामा महिना वजा करा (तो एक महिना म्हणजेच 8 टक्के भाडं गेलं) आणि उरलेलं घराच्या किमतीच्या किती टक्के आहे ते बघा. व्याजदरापेक्षा कमी असेल तर बँकेच्या पैशाचं व्याज त्या पैशाच्या वाट्याच्या भाड्यातूनही निघत नाही, मग सगळी मदार किंमत वाढण्यावर. 25 टक्के स्वतःचे असताना किंमत 10 टक्के वाढली तर आपल्या पैशावर 40 टक्के, पण पडली तरी 40 च, हे एजंट सांगत नाही.

माझा भाडेकरू गेला तेव्हा फ्लॅट 2 महिने रिकामा होता, हप्ता थांबला नाही. रोखीतल्या फ्लॅटचं असं झालं तेव्हा एवढी धाकधूक नव्हती.

2 स्टार कापले कारण व्याजदर वाढला तेव्हा बँकेने हप्ता तोच ठेवून गुपचूप मुदत वाढवली, मला वर्षभराने कळलं. गेल्या महिन्यात पार्ट पेमेंट केलं तेव्हा हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा असं लेखी दिलं आणि नवीन शेड्यूल हातात घेऊनच उठलो.