सुट्टीच्या दिवशी नदीकाठानं सायकल: पानशेतकडं जावं की थेऊरला?

पुण्यातून सायकल काढून नदीच्या काठानं दिवसभर रमतगमत जायचं तर मुळात दोन दिशा आहेत. पश्चिमेला, म्हणजे वरच्या अंगाला, मुठेवरचं खडकवासला धरण आणि तिथून पुढं पानशेतचा रस्ता. पूर्वेला, म्हणजे खालच्या अंगाला, संगमानंतरची मुळा-मुठा, कवडीपाट आणि थेऊर. तिसरी वाट इंद्रायणीची, देहू-आळंदी. तिच्याबद्दल फार लिहिणार नाही, का ते पुढं कळेलच. तिन्हीकडं नदी सतत सोबत असते असं समजू नका. ती दिसते, उसाआड जाते, चारपाच किलोमीटर गायब होते आणि एखाद्या पुलावर पुन्हा भेटते.

शहरातलं मुठेचं पात्र मी यादीत धरलेलंच नाही. खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि एरवी नदीपात्रातला रस्ता म्हणजे लावलेल्या गाड्यांची रांग. पहाटे तासाभराची चक्कर मारायला ठीक आहे, सुट्टी घालवायला नाही.

आधी वाऱ्याचं आणि उन्हाचं बोलू, कारण दमणं न दमणं किलोमीटरपेक्षा त्यावर जास्त ठरतं. सकाळी पानशेतकडं निघालात की सूर्य पाठीशी असतो. दुपारच्या आत परत फिरलात तर सूर्य समोर असला तरी बराच वर चढलेला असतो, ऊन थेट डोळ्यांत जात नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे जाताना तो तोंडावर घ्यावा लागतो. पण तेव्हा पायात दम असतो, आणि येताना तोच वारा मागून ढकलतो. थेऊरचं सगळं उलटं. जाताना सूर्य थेट डोळ्यांत. वारा पाठीशी असल्यानं आपण फार जोरात चालवतोय असा भास होतो आणि परतीला त्याची किंमत मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, त्या वेळी थेऊरहून हडपसरकडं यायची शिक्षा कुणाला देऊ नये. हिवाळ्यात वारा बेताचा असतो, म्हणून ही वाट हिवाळ्यातच करावी असं माझं ठाम मत आहे.

पाणी बघायचं असेल तर मात्र पानशेतची बाजू निर्विवाद सरस. स्वारगेटहून पानशेत साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी. पहिला टप्पा सिंहगड रस्त्याचा, तो आनंदाचा नाही, उरकायचा. किरकटवाडी मागं पडली की खडकवासला धरणाची भिंत दिसते. हे धरण १८७९ सालचं; १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा यालाही भगदाड पडलं आणि पुढं ते दुरुस्त झालं. चौपाटीवर कणसं आणि भजी मिळतात, पण जाताना थांबू नका. डोणज्यापाशी सिंहगडाची गर्दी डावीकडं वळते आणि रस्ता एकदम मोकळा होतो. गोऱ्हे, खानापूर अशी गावं येतात, उजव्या हाताला जलाशय, डाव्या हाताला सिंहगडाची रांग. परतताना पाणी आपल्याच बाजूला, डावीकडं येतं, त्यामुळं थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. फोटो येतानाच काढा.

चढ मोठे नाहीत, पण छोटे चढउतार संपतच नाहीत. गिअर नसलेल्या सायकलवर खानापूरपर्यंत मजा येते, पुढं मांड्या बोलायला लागतात. पानशेत गाठलंच पाहिजे असा हट्ट नको. खानापूरला चहा पिऊन वळलात तरी दिवस सार्थकी लागतो. खडकवासल्यात दोन टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आतच पाणी मावतं, पानशेतमध्ये साडेदहाच्या वर, पण सायकलवरून बघायला हा धाकटा जलाशयच जास्त चांगला, कारण रस्ता त्याला बराच वेळ चिकटून जातो. पाण्यात उतरू नका. काठावरून उथळ वाटतं, पुढं एकदम खोल जातं, आणि दर वर्षी इथं माणसं बुडतात. पलीकडचा एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा काठ लष्करी हद्दीत आहे, तिकडं घुसायची हौस नको.

या वाटेचा खरा शत्रू रविवार आहे. दहानंतर गाड्यांचा लोंढा सुरू होतो आणि संध्याकाळी धरणाच्या चौपाटीवर सायकललाही वाट मिळत नाही. म्हणून रविवारी गेलात तर साडेपाचला घर सोडा आणि अकराच्या आत खडकवासल्याच्या अलीकडं या. आठवड्याच्या मध्ये आलेली सुट्टी हाताशी असेल तर ती या रस्त्यासाठीच राखून ठेवावी. गर्दी अगदीच नको असेल त्यांनी वारजे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत कुडजे-मांडवी-सांगरुणची उत्तरेकडची वाट धरावी. सांगरुणच्या परिसरात आंबी, मोसे आणि मुठा एकत्र येतात. चढ मात्र जास्त, आणि खायला फारसं काही मिळत नाही.

आता थेऊर. अंतर पंचवीसेक किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट. साधी सायकल, शाळकरी मुलगा, बऱ्याच वर्षांनी सीटवर बसलेले काका, सगळ्यांना जमतं. पण नदी स्वच्छ असेल ही अपेक्षा घरी ठेवून निघा. सगळ्या शहराचं सांडपाणी पोटात घेऊन ती इथवर येते. वास येतो, फेस असतो, जलपर्णी असते.

आणि तरीही कवडीपाट सोडू नये. सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडं डावीकडं आत वळलं की नदीवर जुना बंधारा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी सातच्या सुमारास इथं उभं राहावं: चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, चित्रबलाक, पाण्यावरून झेपावणारे नदी सुरय. कॅमेरे लावून बसलेली मंडळीही तेवढीच. बंधाऱ्याला अडकलेल्या प्लास्टिकच्या ढिगावर धोबी शेपटी हलवत फिरतो. सांडपाण्यातल्या गाळावर किडे-अळ्या पोसतात, पाणी उथळ आहे, म्हणून पक्षी येतात. बघून आनंद मानावा की लाज वाटावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पानशेतच्या निळ्याशार पाण्यावर एवढे पक्षी मी पाहिलेले नाहीत, हेही खरं.

लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळं सोलापूर रस्त्यावर टँकरची ये-जा असते. हा तुकडा पहाटेच उरका. थेऊर फाट्यावरून आत वळलं की ऊस सुरू होतो आणि रस्ता माणसांत येतो. थेऊर अष्टविनायकांपैकी चिंतामणीचं. नदीनं गावाला तिन्ही बाजूंनी वळसा घातलाय. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला इथंच गेले आणि रमाबाई सती गेल्या. नदीकाठावर त्यांची समाधी आहे. देवळातून बाहेर पडून तिथवर जाणारे थोडे, म्हणून निवांत बसायला तीच जागा. संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेश जयंती हे दिवस टाळा.

परतीला पुन्हा सोलापूर रस्ता धरू नका. थेऊरचा पूल ओलांडून कोलवडी, मांजरी खुर्द करत पुन्हा नदी ओलांडा आणि मांजरी बुद्रुकवरून केशवनगर-मुंढव्याला निघा. मांजरी द्राक्षांची, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथंच आहे. हंगामात वाटेत द्राक्षं विकायला असली तर पिशवी काढा. वाटेत रसवंती दिसली तर थांबा, बर्फ मात्र नको म्हणा. केशवनगरपासून पुढं मात्र वाहतूक पुन्हा गळ्याशी येते.

इंद्रायणीचं थोडक्यात. निगडी, आकुर्डी, प्राधिकरणात राहत असाल तर देहूचा घाट सकाळी फार प्रसन्न असतो, गाथा मंदिरही नदीलगत आहे. पण देहूहून आळंदीला जाताना तळवडे-चिखली-मोशीचा कारखान्यांचा पट्टा लागतो आणि शेजारून ट्रेलर जातात. आळंदीत पाण्यावर फेस असण्याचीच शक्यता जास्त. कोथरूड-सहकारनगरच्या माणसानं एवढ्यासाठी शहर ओलांडू नये. वारीचे दिवस, तुकाराम बीज आणि कार्तिकी एकादशी सोडून जा. पावसाळ्यात वर कुंडमळ्याकडं वळू नका. तिथला जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ ला माणसांसकट कोसळला.

माझ्याकडून विचाराल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जलाशय भरलेला असताना पानशेतची वाट, डिसेंबर-जानेवारीत थेऊर. एप्रिल-मेमध्ये दोन्ही नको. फारच हात शिवशिवत असतील तर खानापूरपर्यंत जाऊन नवाच्या आत घरी. मुलं बरोबर असतील तर पानशेतचा विचार नको, हिवाळ्यात थेऊरच. दमली तर वाटेत टेम्पो मिळतो, सायकली टाकता येतात. खानापूरच्या पुढं ती सोय धरू नका, पंक्चरच्या दुकानाचाही भरवसा नाही. जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप जवळ हवाच.

सायकल भाड्यानं घ्यायची असेल तर २०१७-१८ साली शहरात जागोजागी उभ्या असलेल्या ॲपवाल्या सायकली आता विसरा. सायकलच्या दुकानातून आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, कारण पहाटे साडेपाचला पुण्यात कुठलंच दुकान उघडत नाही. आणताना दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि सीटची उंची तिथंच बसवून घ्या.