लोडिंग माझ्याकडून घेतलं, कंपनीला मात्र वजन ७१ किलो कळवलं

वजन जास्त असलं की टर्म इन्शुरन्सचा हप्ता वाढतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते बघतात, बीपी-शुगर बघतात, तंबाखूचं विचारतात आणि त्याप्रमाणे मूळ हप्त्यावर २५, ५०, ७५, कधी १०० टक्के चढवतात. त्यालाच लोडिंग म्हणतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जाड माणसाला जास्त हप्ता, ठीक आहे. माझी तक्रार अशी की माझ्या जाडेपणाचे पैसे माझ्याकडून चोख वसूल झाले आणि कंपनीपर्यंत ना ते पैसे पोचले, ना जाडेपणा.

माझं वय तेव्हा ४१, उंची १६५ सेंमी, वजन ९६.४ किलो, बीपीची गोळी चालू. यातलं काहीही मी लपवलेलं नाही. एजंट घरी आला तोच बॅगेत वजनकाटा घेऊन. मला त्यावर उभं केलं, आकडा डायरीत लिहिला, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढला. वर मलाच तंबी दिली, "साहेब, एक किलोसुद्धा कमी सांगायचं नाही हां, उद्या क्लेम अडकतो." असं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? मग टॅबवर फॉर्म भरला आणि "केवायसीचा ओटीपी आलाय तो सांगा" म्हणाला. मी सांगितला. तो ओटीपी केवायसीचा नव्हता. ‘प्रपोजल फॉर्ममधली (विम्याच्या अर्जातली) माहिती मला मान्य आहे’ याचा होता. मेसेज इंग्रजीत, लांबलचक, आणि आकडा पहिल्याच ओळीत. तुम्ही तरी पुढचं वाचता का?

एक कोटीचं कव्हर, नोव्हेंबर २०२४. मूळ हप्ता १८,५००, त्यावर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी ३,३३०, एकूण २१,८३०. हे मी कंपनीच्याच लिंकवर भरले. नंतर त्याचा फोन आला, "अंडररायटिंगमधून, म्हणजे जोखीम बघून हप्ता ठरवतात तिथून, ७५ टक्के लोडिंग लागलंय. १३,८७५, वर जीएसटी २,४९७ रुपये ५० पैसे. १६,३७२ द्या, पन्नास पैसे सोडले." शिवाय मेडिकलचे २,५००. लोडिंग म्हणे वेगळ्या खात्यात जातं, म्हणून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर एका बाईंचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या फ्रँचायझीचं खातं आहे." हिशेब पन्नास पैशांपर्यंत जुळत होता, म्हणून मी नावाकडे काणाडोळा केला. चोराने हिशेब बरोबर केला की आपल्याला तो साव वाटतो, दुसरं काय.

इथेच ऐकून ठेवा. मेडिकल तपासणी कंपनीने सांगितली असेल तर तिचा खर्च कंपनी करते. कुणी ‘मेडिकलचे’ म्हणून पैसे मागितले की त्याला दार दाखवा.

आणि हे ‘मेडिकल’ म्हणजे काय होतं? फक्त एक फोन. पलीकडची मुलगी भराभर प्रश्न वाचत होती. वजनाशी आली तेव्हा म्हणाली, "हाइट-वेट फॉर्मप्रमाणेच आहे ना सर?" मी म्हणालो, "हो." माझ्यासमोर काट्यावर ९६.४ आलं, माझ्यासमोर ते लिहिलं गेलं. मी ‘हो’ नाही तर काय म्हणणार? पण आता रात्री-अपरात्री तेच वाक्य कानात वाजतं. "फॉर्मात किती लिहिलंय ते वाचून दाखवा" एवढं म्हटलं असतं तर सगळा डाव तिथेच उघडा पडला असता. तुम्हाला असा फोन आला तर उंची, वजन, गोळ्या, सगळं स्वतःच्या तोंडाने बोला. त्या फोनचं रेकॉर्डिंग होतं. ते मी मागितलं तर कंपनी म्हणते, "इंटर्नल डॉक्युमेंट आहे."

दुसरी खूण तर पॉलिसीवरच छापलेली होती. पीडीएफ आली, वार्षिक हप्ता २१,८३०. लोडिंग खरंच लागलं असतं तर तिथे ३८,२०२ दिसायला हवे होते. दोन आकड्यांची बेरीज! मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलोय आणि मी फक्त आपलं नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी बघून फाइल बंद केली. मागच्या पानांवर प्रपोजल फॉर्मची प्रत जोडलेली होती: वजन ७१ किलो, रक्तदाब ‘नाही’. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूकचे असतात, पटलं नाही तर परत करता येते. ते दिवस मी निवांत घालवले.

उघडकीला कसं आलं? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. नोव्हेंबरमध्ये बँकेतून आपोआप १८,५०० गेले, बरोबर. एजंटने लोडिंगचे मात्र पुन्हा १६,३७२च घेतले. देऊन झाल्यावर लक्षात आलं की यातले २,४९७ रुपये जीएसटीचे आहेत, ते का घेतले? तेवढ्यासाठी मी ग्राहक सेवेला फोन लावला. तिकडून उत्तर, "सर, आपल्या पॉलिसीला लोडिंगच नाहीये. आपलं वजन ७१ आहे." २,४९७ परत मागायला गेलो आणि ३५,२४४ बुडाल्याचं कळलं.

पैशांपेक्षा वाईट पुढचं आहे. विमा कायदा १९३८, कलम ४५ : पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत कंपनी खोट्या माहितीच्या कारणावरून क्लेम नाकारू शकते. फसवणुकीचा हेतू नव्हता असं मानलं तरी फक्त भरलेले हप्ते परत. म्हणजे मी मधल्या काळात गेलो असतो तर बायकोच्या हातात एक कोटीऐवजी माझे हप्तेच पडले असते. आणि क्यूआर कोडवरचे पैसे तर त्या हप्त्यांतही धरले नसते.

कंपनी म्हणते, "ओटीपी तुमचा, जबाबदारी तुमची. एजंट आता आमच्याकडे नाही." अहो, त्याच कलम ४५ मध्ये लिहिलंय की विम्यासाठी गळ घालून बोलणी करणारा माणूस करार होताना कंपनीचाच एजंट धरला जाईल. हे तक्रार निवारण अधिकाऱ्याला दाखवलं तर "लीगलला पाठवतो." लीगलचं उत्तर, "व्यवहार वैयक्तिक स्वरूपाचा." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पोलीस ठाण्यात जा. ठाण्यातले साहेब पॉलिसी चाळत म्हणाले, "हे सिव्हिल आहे," आणि वर, "पण तुमचं खरं वजन किती?" शेजारचा हवालदार हसला. फसवलं कुणी आणि उलटतपासणी कुणाची! विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकली, ती फिरून त्याच कंपनीकडे गेली. ज्याने गिळलं त्यालाच विचारायचं, पोट दुखतंय का. त्यांनी मागचंच पत्र जोडलं आणि पोर्टलवर ‘निकाली’. कुणाचं समाधान झालं, ते देवाला माहीत.

आता विमा लोकपालाकडे अर्ज आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच तिथे जाता येतं. म्हणून फोनवर भांडत बसू नका, पहिल्या दिवसापासून ईमेल करा. मी फोनवर घसा कोरडा केला, त्याची कुठे नोंदच नाही.

"गप्प बस, तीन वर्षं होऊ देत" असा सल्ला देणारे शहाणेही भेटले. मी ऐकलं नाही. खरं वजन आणि बीपी लेखी कळवलं. मग खरीखुरी तपासणी झाली, सेंटरवर, रक्त-लघवीसह, एक पैसा न घेता. त्यानंतर कंपनीच्या ईमेलवरून सुधारित हप्त्याचं संमतिपत्र आलं. लोडिंग १०० टक्के, हप्ता ३७,०००, आणि भरायची लिंक कंपनीच्या नावाची. लोडिंग लागतं तेव्हा कागद असा येतो. मी संमती दिली, पैसे भरले आणि नव्या पॉलिसीपत्रात या तपासणीतलं ९८ किलो छापलंय ना, ते आधी पाहिलं. लोकपालांकडची तारीख अजून यायची आहे.