सातशे डॉलरचा वकील : ‘बेटर कॉल सॉल’चा पहिला भाग

‘बेटर कॉल सॉल’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या भागात खून नाही, पुड्यांचा व्यवहारही नाही. मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं ते फीच्या खिडकीवरचं भांडण. जिमी मॅकगिल नावाचा वकील कोर्टाने नेमून दिलेली तीन पोरांची केस लढवून, म्हणजे हरून, बाहेर येतो. खिडकीतून हातात पडतो सातशे डॉलरचा चेक. हा म्हणतो, आरोपी तीन होते, सातशे गुणिले तीन करा. पलीकडचं माणूस ढिम्म. केस एक, फी एक. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करते, त्यामुळे आमच्या घरात या दृश्याला सगळ्यात मोठं हसू माझंच होतं.

ज्यांनी ‘ब्रेकिंग बॅड’ पाहिलंय त्यांना सॉल गुडमन माहीत आहे. भडक सूट, टीव्हीवर जाहिराती, गुन्हेगारांचा आवडता वकील. ती मालिका २०१३ मध्ये संपली आणि ८ फेब्रुवारी २०१५ ला अमेरिकेत ही सुरू झाली. आपल्याकडे नेटफ्लिक्सवर आहे. कथा त्याआधीची, २००२ सालातली, गाव तेच, अल्बुकर्की. सॉल अजून सॉल झालेला नाही, जिमी मॅकगिलच आहे. नेलपॉलिशच्या दुकानामागच्या खोलीत त्याचं ऑफिस आहे आणि फोनवर तो स्वतःच्याच सेक्रेटरीचा आवाज काढून बोलतो. लिहिलंय व्हिन्स गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी, दिग्दर्शन गिलिगनचं.

आमच्या ह्यांनी मूळ मालिका पाहिलेली नाही. त्यांचा टॉवेलचा धंदा. दुकान बंद करून, जेवून सोफ्यावर टेकले की दहाव्या मिनिटाला घोरतात. म्हणून मुद्दामच शेजारी बसवलं. मागचं काही ठाऊक नसलेल्या माणसाला हा भाग धरून ठेवतो का, ते बघायचं होतं.

सुरुवातीलाच परीक्षा. चित्र काळंपांढरं. ओमाहा शहरातल्या एका मॉलमध्ये दालचिनी रोलचं दुकान, मिशा ठेवलेला एक चष्मेवाला माणूस पीठ मळतोय, मागे जुनं गाणं. संवाद जवळजवळ नाहीच. समोर बसलेला एक आडदांड गडी त्याच्याकडे टक लावून बघतो, तेवढ्याने याचं अंग आखडतं. तो गडी उठून येतो आणि भलत्याच कुणाला तरी भेटायला निघून जातो. रात्री घरी येऊन हा पेला भरतो, पडदे ओढतो आणि बूट ठेवायच्या खोक्यातून एक जुनी व्हिडिओ कॅसेट काढून लावतो. त्याच्याच जुन्या जाहिराती. चष्म्याच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब तेवढं रंगीत दिसतं. ‘ब्रेकिंग बॅड’नंतर सॉलचं काय झालं, हे कुणीही तोंडाने न सांगता कळतं. ह्यांना यातलं काहीच कळलं नाही, पण ‘हा कुणाला घाबरतोय?’ असं विचारलं. म्हणजे जागे होते.

मग कोर्ट. न्यायाधीश बसलेत, ज्युरी बसली आहे, आरोपीचे वकील गायब. साहेब संडासात भिंतीला उद्देशून भाषणाची तालीम करतायत! येऊन ज्युरीपुढे उभं राहिल्यावर मात्र असा काही सुटतो की बास. एकोणीस वर्षांची पोरं, वय असतं एकेक, आपण त्या वयात काय कमी दिवे लावले, वगैरे. पोरांनी नक्की काय केलं ते आपल्याला अजून माहीत नसतं, त्यामुळे आपणही पाघळतो. सरकारी वकील उठतो. एक शब्द बोलत नाही. टीव्हीची गाडी ढकलत आणतो, कॅसेट सारतो. पोरांनी शवागारात शिरून प्रेताचं मुंडकं कापलंय आणि त्यापुढचंही काही केलंय, ते सगळं स्वतःच चित्रित केलंय. ज्युरीतल्या एकेकाचा चेहरा बघावा. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याची गरजच नसते कधी कधी, एवढं ते चोख आहे. (जेवताना बघू नका. आमच्याकडे नेमकी ताटं पुढ्यात होती.)

आपल्याकडे असली भाषणबाजी करायला ज्युरीच उरलेली नाही. १९५९ च्या नानावटी खटल्याचं नाव निघतं, आणि त्यानंतर ती पद्धत मोडीतच निघाली. सॉलच्या जाहिराती तर सोडाच. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे भारतातल्या वकिलाला जाहिरात करून काम मिळवता येत नाही, पाटीचा आकारसुद्धा माफक हवा. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वकिलांना जाहिरातीची मुभा दिली, म्हणून हे पात्र संभवतं. सोलापुरात असता तर पार्क चौकात फ्लेक्स लागायच्या आधी नोटीस आली असती.

पण वकिलीची रोजची रडकथा दोन्हीकडे सारखीच. केटलमन नावाचं जोडपं आहे, नवऱ्यावर सरकारी पैसे खाल्ल्याचा संशय. जिमीला वाटतं, लागली लॉटरी. कागद पुढे सरकवतो, नवरा पेन हातात घेतो, पेनाचं टोक कागदाला टेकणार, एवढ्यात बायको थांबवते. रात्रभर विचार करतो म्हणे. अक्कलकोट रोडच्या कारखानदारांपासून गावाकडच्या वाटणीवाल्यांपर्यंत सगळे हेच करतात. वकीलपत्र काढलं की ‘मॅडम, घरी विचारून सांगतो.’ सल्ला फुकट ऐकून होतो, चहा आपल्याच खर्चाने, आणि पुढच्या मुदतीला तोच माणूस दुसऱ्या वकिलाच्या मागे फाईल घेऊन उभा दिसतो.

बॉब ओडेनकर्कने जिमी केलाय. त्या पेनाकडे बघतानाचा त्याचा चेहरा पुन्हा मागे नेऊन पाहिला. हसू जागेवर आहे, डोळ्यांतली भूक झाकता येत नाही. पार्किंगच्या खोपटातला माइक तर ग्रेट. स्टिकर कमी पडले, तीन डॉलर काढ. बाकी ऐकून घेणार नाही. तो करणाऱ्या जोनाथन बँक्सला दोनच मिनिटं मिळाली आहेत, तेवढ्यात मैफल मारतो. सातशेसाठी भांडणाऱ्या त्याच जिमीने पुढे सव्वीस हजारांचा चेक फाडावा, याचं कारण भावाच्या घरी कळतं.

तिथेच भाग थोडा रेंगाळतो. थोरला भाऊ चक हा नामांकित वकील, पण घरात वीज नाही, कंदील आणि बर्फाची पेटी. आत जाण्याआधी जिमी मोबाइल, घड्याळ बाहेरच ठेवतो. कशासाठी, ते धड सांगत नाहीत. ‘लोडशेडिंग आहे का?’ असं ह्यांनी विचारलं. मायकल मॅककीनचं काम सुरेख आहे, पण त्या अंधारात त्यांची पहिली डुलकी लागली.

स्केटबोर्डवाल्या जुळ्या भावांना गाडीखाली पाडून केटलमनबाईंना गटवायचा बेत जरा ओढूनताणून आणलाय. तो फसतो मात्र झकास. गाडी भलतीच, चालवणारी म्हातारी, आणि जिमी तिच्या दारात. दार उघडतं, पिस्तूल पुढे येतं, मागे टुको सालामांका, ‘ब्रेकिंग बॅड’मधला माथेफिरू ड्रगवाला. मी ‘अगं बाई’ म्हणून उठून बसले. ह्यांनी विचारलं, ‘हा कोण?’

माझी तक्रार इथेच. तासभर हा भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि शेवटचा धक्का मात्र जुन्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला. नव्या माणसाला तिथे फक्त एक पिस्तूल दिसतं. अमेरिकेत दुसरा भाग लगेच दुसऱ्या दिवशी दाखवला होता, ते शहाणपणाचंच. तुम्हीही दोन्ही सलग बघा. आम्ही टुकोच्या त्या घरात शिरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, सकाळी साडेदहाला माझा उलटतपास होता आणि ह्यांना आता झोप येत नव्हती.