थंड गाडी घेऊन जाऊ नका : इंदूरच्या नवलखाजवळचं गॅरेज

आमची गाडी तीन सिलिंडरची, दहा वर्षांची. उन्हाळ्यापासून तिला एक खोड लागली. सुदामानगरहून निघताना ठीक, पण पलासियाच्या सिग्नलपर्यंत पोचलं की थरथर सुरू. आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ८००च्या आसपास स्थिर राहायचा सोडून वरखाली नाचायचा, चेक इंजिनचा दिवा मधूनच लागायचा. देवास रोडला सत्तरच्या वेगात मात्र काही नाही. सासूबाई मागून म्हणाल्या, "जात्यावर बसवलंस का गं मला?"

मोठ्या सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. पहिल्यांदा प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, ४,३०० रुपये. दुसऱ्यांदा ऐकवलं की तीन सिलिंडरचं इंजिन थोडं हलतंच. खरंय. पण नऊ वर्षं एवढं हललं नाही ते आत्ताच का, यावर सगळे गप्प.

शेजारच्या काकांनी नवलखा चौकाच्या मागच्या गल्लीतलं हे गॅरेज सांगितलं. पत्र्याची शेड, जेमतेम दोन गाड्यांची जागा. सकाळी नऊला गेले तर उस्ताद बॉनेट उघडायलाच तयार नाहीत. "दीदी, ठंडी गाडी सच नहीं बोलती." शेजारी बसले आणि एसी लावून मला एबी रोडने पलासियापर्यंत फिरवून आणलं. परतताना गीता भवनच्या सिग्नलला थरथर सुरू झाली आणि मलाच हायसं वाटलं. नाहीतर डॉक्टरसमोर खोकला कधी येतो?

शेडमध्ये इंजिन चालू ठेवून त्यांनी एक नंबरच्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवते ती) सॉकेट काढला. इंजिन बंद. पुन्हा चालू करून तीनचा काढला. बंद. दोनचा काढला, तर काहीच फरक नाही! म्हणजे दोन नंबर आधीच झोपलेला. (हा प्रयोग क्षणभरच करायचा, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.) स्कॅनरवर कोडही पी ०३०२, दोन नंबरचा मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटतच नाही.

मला वाटलं आता कॉइल मागवतील. नाही. दोनची कॉइल तीनवर बसवली, तीनची दोनवर, कोड पुसला, पुन्हा गाडी तापवली. आता कोड आला पी ०३०३, म्हणजे तीन नंबरचा. दुखणं कॉइलबरोबर चालत गेलं. ते दोनवरच राहिलं असतं तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं, म्हणाले. कॉइलच्या आतलं इन्सुलेशन तापलं की दगा देतं, म्हणून सकाळी सगळं छान. आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, इंजिन इतकं हळू फिरतं की एक ठोका चुकला तरी हादरा बसतो. वेगात तोच चुकलेला ठोका फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाक, झाकून नेतं.

नवी कॉइल १,८५०, मजुरी ३००. थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणारा भाग) कार्बन पुसला त्याचे वेगळे घेतले नाहीत. दोन महिने झाले, दिवा लागलेला नाही.

तक्रारीही आहेत. बसायला जुना टायर. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. अकराला देतो म्हणाले, हातात मिळाली अडीचला. कॉइल आणायला गेलेला पोरगा वाटेत पोहे-जलेबी खाऊनच आला असणार. पाचपैकी चार.

जुनी कॉइल त्यांनी न मागता कागदात गुंडाळून दिली, वर खडूने "२" लिहून. पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवायला ती मी डिकीत जपून ठेवलीय.