डिफॉल्ट कुठे लिहायचा: प्रॉपर्टीवर की बिगिनप्रोसेसिंगमध्ये?

सी शार्पमध्ये पॉवरशेलचं कमांडलेट, म्हणजे एक कमांड, लिहिताना पॅरामीटरचा डिफॉल्ट (वापरणाऱ्याने काही दिलं नाही तर धरायची किंमत) साधारण दोन ठिकाणी ठेवतात. एक तर प्रॉपर्टीच्या ओळीतच, गेट-सेटपुढे बरोबरचं चिन्ह टाकून. नाहीतर काम सुरू होताना एकदा चालणाऱ्या बिगिनप्रोसेसिंगमध्ये, ‘दिलं नसेल तर भर’ असा इफ लिहून. मी बरेच दिवस दुसऱ्या पंथातला होतो. सगळे डिफॉल्ट एका जागी, वाचायला बरे.

मग रिट्रायने, म्हणजे फसल्यावर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा त्या आकड्याने, घोळ घातला. फाइल पाठवायच्या कमांडलेटमध्ये ‘रिट्राय 0 असेल तर 3 कर’ हे मीच लिहिलेलं. एका शुक्रवारी संध्याकाळी, हिंजवडीच्या ऑफिसात, सहकाऱ्याने मुद्दाम रिट्राय 0 दिला, कारण पासवर्डची खात्री नव्हती. आता इंट, म्हणजे पूर्णांक, काही रिकामा नसतो. न दिलेला 0 आणि हाताने दिलेला 0, दोन्ही दिसायला सारखेच. कमांडलेटने इमानेइतबारे आणखी तीनदा दार ठोठावलं आणि क्लायंटकडचं खातं लॉक. ते उघडून मिळेपर्यंत कोथरूडची कॅब गेली होती.

याला उपाय नाही असं नाही. बाउंडपॅरामीटर्समध्ये, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या पॅरामीटरच्या यादीत, पॅरामीटरचं नाव आहे का, ते तपासायचं. पण नाव स्ट्रिंगमध्ये लिहिलं आणि पुढे प्रॉपर्टीचं नाव बदललं, की कंपायलर चकार शब्द काढत नाही. नाव कंपायलरकडून तपासून घेणारं नेमऑफ वापरा म्हणाल, तर ते आलं सी शार्प 6 मध्ये. मग त्याच 6 मधला प्रॉपर्टीचा इनिशियलायझर, म्हणजे गेट-सेटपुढचं ते बरोबरचं चिन्ह, काय वाईट? तिथे 3 लिहिला की कोणी 0 दिल्यावर 0 च राहतो, इफ लागतच नाही.

त्याचीही कुरकुर आहे. विंडोज पॉवरशेल 5.1 चं, शेलमध्येच सी शार्प कंपाइल करणारं अ‍ॅड-टाइप अजून सी शार्प 5 वरच अडलंय, तिथे ऑब्जेक्ट बनतानाच चालणारा कन्स्ट्रक्टर गाठावा लागतो. कमांडची मदत दाखवणाऱ्या गेट-हेल्पला हा डिफॉल्टचा आकडा आपोआप कळत नाही. मी टाइमआउट 30 चा 60 केला, हेल्पच्या एक्सएमएलमध्ये 30 तसाच राहिला.

प्रोफाइलमधलं (शेल सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमधलं) पीएसडिफॉल्टपॅरामीटरव्हॅल्यूज, जिथे वापरणारा आपले डिफॉल्ट ठेवतो, स्वतःपुरतं झकास, विशेषतः कमांडलेटची कंपाइल केलेली डीएलएल फाइल बदलायला दरवेळी शेल बंद करायचा कंटाळा येतो तेव्हा. पण रात्रीचा जॉब नोप्रोफाइलने चालतो, त्याला ते दिसत नाही.

तुमचं कमांडलेट वेगळं असेल, तर गणितही वेगळं असू शकेल. आमच्याकडे बिगिनप्रोसेसिंगमध्ये आता एकच डिफॉल्ट उरलाय, चालू फोल्डरचा. कन्स्ट्रक्टर चालतो तेव्हा सेशनच हाताशी नसतं, म्हणून.